साडेसातशे सीसीची शाळा
सदर : यंत्रांशी गप्पा

समजा, एके दिवशी बाबांनी एक मोटार घरी आणली. पण अशी की तिचं इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे आणि नट-बोल्टचा ढीग तिसरीकडे! तुम्ही काय कराल? काही जण म्हणतील, भंगारवाल्याला बोलवा. काही जण म्हणतील, बाबा, दुकानातून नवी आणा ना! पण तुमच्यातला एखादा तरी असा निघेलच, जो बाह्या सरसावून जमिनीवर बसेल आणि विचारेल, "यातला कुठला भाग कुठे बसतो?"

आजची गोष्ट अशाच एका मुलाची आणि त्याच्या इवल्याशा मोटारीची आहे. मुलाचं नाव ब्रूस मॅकलॅरन. 'मॅकलॅरन' हे नाव ऐकताच फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहणाऱ्यांचे कान टवकारले असतील. हो, तोच हा मॅकलॅरन. पण आज त्या नारिंगी, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर पळणाऱ्या गाड्यांबद्दल फारसं बोलायचं नाही. बोलायचं आहे ते त्यांच्या पणजीबद्दल. ती होती फक्त 747 सीसीची!

ब्रूसचा जन्म 30 ऑगस्ट 1937 रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात झाला. त्याच्या आईवडिलांचा पेट्रोल पंप होता आणि त्याला जोडून गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज. त्यामुळे ग्रीसचा वास आणि पान्यांचा खडखडाट त्याला लहानपणापासून ओळखीचा. वडील लेस मॅकलॅरन हे स्वतः मोटारसायकलच्या शर्यती खेळलेले.

ब्रूस 9 वर्षांचा असताना एक संकट आलं. त्याच्या डाव्या खुब्यात दुखू लागलं. डॉक्टरांनी निदान केलं, पर्थेस रोग. या आजारात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्तपुरवठा कमी पडतो आणि हाड ठिसूळ होतं. त्या काळी यावर मुख्य उपाय एकच, पायावर भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे झोपून राहायचं! एक-दोन आठवडे नव्हे, जवळजवळ दोन वर्षं ब्रूस मुलांसाठीच्या एका रुग्णालयात पाय जखडलेल्या अवस्थेत पडून होता. ज्या वयात झाडावर चढायचं, त्या वयात छताकडे बघत राहायचं. तो बरा झाला खरा, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला. जन्मभर तो किंचित लंगडतच चालला. धावण्याच्या, उड्या मारण्याच्या खेळांत पुढे जाण्याची आशा उरली नव्हती.

मग त्याच्या आयुष्यात ही मोटार आली.

अठरा वर्षांच्या मुलाने रेखाटलेली गाडी

ब्रूसच्या वडिलांनी आणलेली गाडी होती 'ऑस्टिन सेव्हन अल्स्टर'. तिची स्वतःची गोष्टही मजेदार आहे.

1921 साली इंग्लंडमधली ऑस्टिन कंपनी कर्जात बुडाली होती. मालक हर्बर्ट ऑस्टिन यांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती, सामान्य माणसाला परवडेल अशी अगदी लहान मोटार काढायची. कंपनीतले इतर संचालक मात्र तयार होईनात. तेव्हा ऑस्टिनसाहेबांनी कारखान्यातल्या एका आराखडे काढणाऱ्या मुलाला थेट आपल्या घरी बोलावलं आणि घरातल्या बिलियर्डच्या खोलीत कागद पसरून काम सुरू केलं. त्या मुलाचं नाव स्टॅनली एज. वय फक्त 18!

1922 साली ही गाडी बाहेर पडली आणि 1939 पर्यंत बनत राहिली. सुमारे 2 लाख 90 हजार गाड्या निघाल्या. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने विकलेली पहिली मोटारसुद्धा ऑस्टिन सेव्हनच होती, परवाना घेऊन बनवलेली.

गाडी किती लहान? तिच्या इंजिनात चार सिलिंडर होते, पण चारही मिळून 747 सीसी. आपल्याकडे 1983 पासून 2014 पर्यंत बनलेली मारुती 800 आठवते ना? तुमच्या आजोबांकडे कदाचित असेल. तिचं इंजिन 796 सीसीचं. म्हणजे ऑस्टिन सेव्हन तिच्याहूनही धाकटी! सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनची ताकद जेमतेम 10 अश्वशक्ती होती.

'अल्स्टर' हे या गाडीचं शर्यतीचं रूप. दोनच माणसं बसतील अशी, ठेंगणी, मागे निमुळती होत जाणारी. अल्स्टर हा आयर्लंडच्या उत्तरेकडचा भाग. तिथल्या 1929 सालच्या शर्यतीत ऑस्टिनच्या या चिमुकल्या गाडीने बड्या बड्या गाड्यांना घाम फोडला, म्हणून हे नाव. साधी 'अल्स्टर' साधारण 24 अश्वशक्ती द्यायची. त्याच 747 सीसीमधून दुपटीहून जास्त ताकद! हे कसं जमलं, ते पुढे पाहू.

आधी समजून घ्या, मग हात घाला

लेस मॅकलॅरन यांचा विचार साधा होता. सुटे भाग जोडायचे, गाडी चालू करायची आणि विकून चार पैसे मिळवायचे. पण ब्रूसने हट्ट धरला, ही विकायची नाही, मला द्या. वडिलांनी ऐकलं. तेव्हा ब्रूस 13-14 वर्षांचा होता.

आता विचार करा हं. गाडीला हात लावायची घाई प्रत्येकालाच असते. पण सुटे भाग समोर असले की घाई चालत नाही. हा दांडा कशासाठी? या दोन चकत्यांतली जाड चकती आधी की पातळ? उलटी बसवली तर काय होईल? प्रत्येक भाग हातात घेऊन त्याचं काम समजून घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तयार गाडी विकत घेणाऱ्याला चालवायला येते. सुटी गाडी जोडणाऱ्याला ती *कशी* चालते ते कळतं. हा फरक फार मोठा आहे.

ऑस्टिन सेव्हन तर यासाठी नामी मास्तर होती, कारण तिच्यात लपवाछपवी काही नव्हती. दोन-तीन उदाहरणं देतो.

तिचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीतून गोल फिरणारा दांडा, फक्त दोन टोकांना बेअरिंगवर टेकलेला असे. मध्ये आधार नाही. दोरीच्या उड्या मारताना दोन मैत्रिणी दोन टोकं धरतात आणि दोरी जोरात फिरवली की मध्ये फुगते, हो ना? पोलादी दांडासुद्धा फार वेगाने फिरवला की मध्ये वाकू पाहतो. म्हणजे या इंजिनाला किती पळवायचं याला मर्यादा होती. ती ओलांडली तर दांडा मोडून इंजिनाचा चुराडा!

तिचे ब्रेक तारेवर चालायचे, थेट आपल्या सायकलसारखे. पाय दाबला की तार ओढली जाई. तारा सैल झाल्या, एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी ओढल्या गेल्या, की गाडी थांबायच्या ऐवजी तिरकी पळे. या गाडीचे ब्रेक कमजोर म्हणून प्रसिद्धच होते. आणि क्लच? तो इतका थोड्या अंतरात लागायचा की नवशिक्याची गाडी बेडकासारखी उडी मारूनच निघे.

मोठ्या गाडीत असे दोष दामटून नेता येतात. भरपूर ताकद असली की चुका झाकल्या जातात. लहान गाडी काहीच झाकत नाही. वळणावर वेग थोडा जरी गमावला, तरी तो परत मिळवायला तिच्याकडे ताकद नसते. म्हणून चालवणारा वेग जपायला शिकतो आणि दुरुस्त करणारा बारकावे बघायला शिकतो.

गाडी उभी राहिली. पण ब्रूसचं वय परवान्याचं नव्हतं. मग काय? घरामागच्या आवारात फळझाडं होती. त्या झाडांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायची! एकदा डावीकडे वळण, एकदा उजवीकडे. मागची चाकं कधी घसरू लागतात, घसरली की स्टिअरिंग किती फिरवायचं, हे सगळं रस्त्यावर नाही, तर घरच्या आवारात आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली. न्यूझीलंडमध्ये तेव्हा 15 व्या वर्षी परवाना मिळत असे. 1952 साली ऑकलंडजवळच्या मुरीवाई इथे टेकडी चढण्याची शर्यत होती. एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध टेकडीवरचा वळणावळणाचा रस्ता चढून जायचा. त्या शर्यतीत ब्रूस आपली ऑस्टिन घेऊन उतरला. खेळाच्या मैदानावर मागे पडलेला मुलगा या रस्त्यावर कुणाच्याही बरोबरीचा होता. क्लच दाबायला आखूड डावा पाय पुरेसा होता!

वेग वाढवायचा कसा?

आता त्या प्रश्नाकडे वळू. इंजिन तेवढंच ठेवून गाडी जास्त वेगवान कशी करतात?

पहिला मार्ग, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देणं. पेट्रोल जळायला हवा लागते. जितकी जास्त हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत जाईल, तितका जोराचा धक्का पिस्टनला मिळेल. म्हणून हौशी लोक मोठा कार्बोरेटर बसवत. हवा जाण्याच्या वाटा आतून घासून गुळगुळीत करत. धूर बाहेर जाण्याचा पाइपही मोकळा करत.

दुसरा मार्ग, कॉम्प्रेशन वाढवणं. पेटण्याआधी मिश्रण जितक्या लहान जागेत दाबलं जाईल, तितकी जास्त ताकद त्यातून निघते. ऑस्टिन सेव्हनमध्ये व्हॉल्व्ह बाजूला होते, त्यामुळे सिलिंडरचं हेड म्हणजे नुसतं झाकणच. ते काढून खालून थोडं घासलं की आतली जागा कमी होई. पण इथेही हाव उपयोगाची नाही. जागा फार कमी केली तर मिश्रण भलत्याच वेळी पेटतं, इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. वजन कमी करणं! एक गणित करू या. समजा, गाडी 400 किलोची आहे आणि इंजिन 20 अश्वशक्तीचं. म्हणजे प्रत्येक 'घोड्या'ला 20 किलो ओढावे लागतात. आता जड बाकडं, जाड पत्रे, नको असलेलं सामान काढून 50 किलो कमी केले. उरले 350 किलो. प्रत्येक घोड्याला साडेसतरा किलो. हाच परिणाम इंजिन सुधारून मिळवायचा तर ते जवळजवळ 23 अश्वशक्तीचं करावं लागेल. म्हणजे 50 किलो कमी करणं म्हणजे जवळजवळ 3 घोडे फुकट मिळवणं!

आणि खरी गंमत पुढे आहे. वाढवलेली ताकद फक्त वेग घेताना उपयोगी पडते. कमी केलेलं वजन वेग घेताना उपयोगी पडतं, वळताना उपयोगी पडतं आणि थांबतानाही. टायर कमी झिजतात, पेट्रोल कमी लागतं. एका कामात चार कामं.

चौथी गोष्ट, जिला मी खरं तर पहिल्या क्रमांकावर ठेवीन, ती म्हणजे ब्रेक. गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिला थांबवायला जे काम करावं लागतं ते दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी 40 किलोमीटरवर जे ब्रेक ठीक वाटतात, ते 80 वर चौपट ओझं उचलत असतात. म्हणून शहाणा कारागीर गाडी पळवण्याआधी तिला थांबवायला शिकतो.

लंडनच्या गॅरेजमधला दुसरा विद्यार्थी

ब्रूस न्यूझीलंडमध्ये सुटे भाग जुळवत होता, साधारण त्याच सुमारास पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला, लंडनमध्ये, आणखी एक तरुण ऑस्टिन सेव्हनशी झटापट करत होता. हे दोघे तेव्हा एकमेकांना ओळखतही नव्हते. त्याचं नाव कॉलिन चॅपमन. जन्म 1928 चा, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. पूल आणि इमारती भार कसा पेलतात, याचा अभ्यास त्याने केला होता.

1948 साली चॅपमनने एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली. त्याची मैत्रीण हेझल, जी पुढे त्याची पत्नी झाली, तिच्या आईवडिलांच्या घरामागे एक छोटं गॅरेज होतं. तिथे त्याने गाडीचं जुनं अंग काढून टाकलं आणि हलकं नवं अंग बनवलं. कशाचं? अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडचं. पुलांच्या अभ्यासातून त्याला ठाऊक होतं की मजबुतीसाठी वजनच लागतं असं नाही, आकार योग्य लागतो. एक साधा कागद टेबलावर उभा राहत नाही, पण त्याची नळी केली की उभा राहतो आणि वर पुस्तकही पेलतो. करून बघा!

1951 सालासाठी त्याने आपली तिसरी गाडी तयार केली, 'लोटस मार्क तीन'. इंग्लंडमध्ये '750 मोटर क्लब' नावाची ऑस्टिन सेव्हनवाल्यांची संस्था आहे, 1939 साली स्थापन झालेली. तिच्या शर्यतींत सर्वांना ऑस्टिन सेव्हनचंच इंजिन वापरावं लागे. मग पुढे जायचं कसं?

चॅपमनने इंजिनाकडे नीट पाहिलं. सिलिंडर चार, पण हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत घ्यायच्या वाटा फक्त दोन! म्हणजे शेजारशेजारच्या दोन सिलिंडरना मिळून एक वाट. आता कल्पना करा, ताई आणि दादा एकाच स्ट्रॉने सरबत पिताहेत. ताईने जोरात ओढलं की दादाच्या वाट्याचं सरबत गेलंच! इंजिनात नेमकं हेच होत होतं. एक सिलिंडर दुसऱ्याचा श्वास चोरत होता.

चॅपमनने काय केलं? त्या वाटेत मधोमध एक पडदा घातला. एका वाटेच्या दोन झाल्या. आता प्रत्येक सिलिंडरचा श्वास आपापला! नवीन इंजिन नाही, महागडा भाग नाही, फक्त एक पडदा. त्या वर्षी त्याची गाडी इतकी पुढे पळू लागली, की क्लबने नियम बदलून या युक्तीवरच बंदी घातली. नियमात बसणारी युक्ती इतकी चांगली निघाली की तिच्यासाठी नियम बदलावा लागला, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

1952 साली चॅपमनने लोटस कंपनी सुरू केली. 1957 मध्ये त्याने 'लोटस सेव्हन' काढली. ही गाडी तर सुट्या भागांच्या स्वरूपातही मिळायची. गिऱ्हाइकाने घरी नेऊन स्वतः जोडायची! 1963 मध्ये लोटसने फॉर्म्युला वनचं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं. आणि सुरुवात? प्लायवूड आणि 747 सीसी.

ब्रूसचं पुढे काय झालं?

ऑस्टिननंतर ब्रूसकडे एकेक मोठी गाडी येत गेली. तो ऑकलंडमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता. 1958 मध्ये न्यूझीलंडमधल्या एका योजनेतून गुणी चालकाला युरोपात पाठवायचं ठरलं आणि पहिला मान ब्रूसला मिळाला. 1959 साली तो कूपर या फॉर्म्युला वन संघात दाखल झाला.

त्या वर्षीची शेवटची शर्यत अमेरिकेत सेब्रिंग इथे 12 डिसेंबरला होती. ब्रूसच्या संघाचा मुख्य चालक जॅक ब्रॅबम सर्वांच्या पुढे होता आणि शेवटच्या फेरीत त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं! ब्रॅबमने गाडी ढकलत ढकलत रेषेपर्यंत नेली आणि चौथा क्रमांक मिळवला. शर्यत जिंकली ब्रूसने. वय 22 वर्षं. ग्रां प्री जिंकणारा तोवरचा तो सर्वांत तरुण चालक ठरला.

तरीही त्याचा पाना सुटला नाही. 1963 साली त्याने स्वतःचा संघ काढला. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्याने बनवलेली एक शर्यतीची गाडी विकत घेतली आणि तिच्यात वेगळं, मोठं इंजिन बसवलं. म्हणजे गॅरेजमधलंच काम, पण आता जगाच्या मैदानावर. 1968 साली बेल्जियमच्या शर्यतीत त्याने स्वतःच्या नावाच्या गाडीत बसून विजय मिळवला. फॉर्म्युला वनमध्ये मॅकलॅरन संघाचा तो पहिला विजय. चालक तोच, संघाचा मालक तोच, गाडीला तपासून सुधारणाराही तोच!

आता एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी. 2 जून 1970 रोजी इंग्लंडमधल्या गुडवुड इथे ब्रूस एका नव्या गाडीची चाचणी घेत होता. भरवेगात असताना गाडीच्या मागच्या बाजूचा पत्रा सुटला. तो नुसता शोभेचा भाग नव्हता. वाऱ्याच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणं हे त्याचं काम. तो सुटताच गाडीचा ताबा गेला आणि ब्रूस जागीच गेला. तो अवघा 32 वर्षांचा होता.

ही गोष्ट वगळून मी पुढे जाऊ शकलो असतो. पण मग ती अर्धीच राहिली असती. ब्रूस निष्काळजी नव्हता. यंत्रं समजणाऱ्या उत्तम माणसांपैकी तो एक होता. तरीही वेग कुणाची गय करत नाही. आज शर्यतीच्या गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी सुरक्षित झाल्या, त्या अशा अपघातांमधून शिकूनच. त्याचे सहकारी खचले, पण त्यांनी संघ बंद केला नाही. 1974 मध्ये मॅकलॅरनच्या गाडीने पहिलं जगज्जेतेपद जिंकलं आणि 2024 मध्ये या संघाने पुन्हा एकदा संघांचं अजिंक्यपद पटकावलं.

आणि ती लाडकी ऑस्टिन? ती अजून आहे, बरं का! इंग्लंडमधल्या वोकिंग इथे मॅकलॅरनच्या मुख्यालयात, जगज्जेत्या गाड्यांच्या रांगेत ती दिमाखात उभी आहे. सगळ्यांत लहान, पण मान सगळ्यांत मोठा.

आपण काय करायचं?

हे वाचून कुणी बाबांच्या स्कूटरचा सायलेन्सर काढायला धावू नका! आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. मोटार चालवायला 18 वर्षं पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकांना तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो, हेही आईबाबांना वाचून दाखवा.

मग हौस भागवायची कशी? वाट आहे. पुढे इंजिनिअरिंगला गेलात तर 'बाहा' नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. आपल्या देशात ती 2007 पासून होते, इंदूरजवळच्या पीथमपूरला. कॉलेजातली मुलंमुली स्वतः एकेक छोटी गाडी बनवून आणतात. तिच्यात महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघही भाग घेतात. पेट्रोलवरच्या गाड्यांच्या गटात सर्वांना सारखंच लहान इंजिन वापरावं लागत आलं आहे. मग जिंकणार कोण? ज्याची गाडी हलकी, मजबूत आणि नीट समजून बनवलेली. थेट ऑस्टिन सेव्हनवाल्यांसारखं!

आणि तोपर्यंत तुमच्याकडे सायकल आहेच की! या रविवारी हा प्रयोग करा.

मोकळ्या मैदानाजवळचा एखादा हलका उतार शोधा. वाहनं येतात तो रस्ता नको. घरातलं कुणी मोठं माणूस सोबत घ्या. आधी दोन्ही ब्रेक तपासा. मग उतारावर खडूने रेघ मारा. तिथून पेडल न मारता सायकल सोडा आणि ती आपोआप कुठे थांबते ते पावलांनी मोजा. असं तीनदा करा आणि सरासरी काढा. आता पंपाने चाकांत योग्य तेवढी हवा भरा आणि पुन्हा तीनदा मोजा. किती पावलांचा फरक पडला? वहीत तारखेसह लिहून ठेवा.

एक नियम पाळा. एका वेळी *एकच* गोष्ट बदला. हवाही भरली आणि चाकाच्या बेअरिंगला ग्रीसही लावलं, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. ज्याच्या वहीत आकडे आहेत, तो कारागीर. ज्याच्याकडे नुसता अंदाज आहे, तो नशीब अजमावणारा.

जाता जाता एक कोडं. वरच्या प्रयोगात सायकलच्या साखळीला तेल घातलं तर ती आणखी पुढे जाईल का? आपण पेडल मारत नाही आहोत, हे लक्षात ठेवून विचार करा. ताई, दादा, आजोबा, सगळ्यांना विचारा. शक्य तर खाली वाकून साखळीकडे नीट बघा. उत्तर पुढच्या अंकात!